जास्तीची बाई

बाळकुम, ठाणे
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

सौ. मालनताई यांना
सप्रेम नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, कोणी आजारी नाही. उभी हयात टेलिफोन खात्यात घालवलेल्या बाईवर चोरून पत्र लिहायची वेळ यावी, याला काय म्हणावं? गणपतीत मोदकांवरून आपलं फोनवर जे झालं, ते स्पीकरवर चाललंय हे आपल्या दोघींना ठाऊक नव्हतं. आरतीला जमलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून माझ्या क्षिप्राने आणि तुमच्या साकेतने आपल्याला एकमेकींना फोन करायला बंदी घातली. घातली तर घातली. तळणीचा मोदक म्हणजे टोपी घातलेली करंजी, हे माझं मत मी मागे घेतलेलं नाही. पण आजचा विषय वेगळा आहे.

आपली उर्वी पहिलीत जाऊन इतके महिने झाले, तरी वाचत नाही. अक्षरं सुटी सुटी ओळखते, पण शब्द समोर आला की तिचं गाणं सुरू होतं. तिच्या वर्गाच्या योगिनी बाईंनी परवा क्षिप्राला बोलावून सांगितलं, की पोरगी पुस्तकातल्या कविता घडाघडा वाचते, फक्त पुस्तक उलटं धरलेलं असतं. त्यावर नवराबायकोने काय ठरवलं ते ऐका. दिवाळीच्या सुट्टीनंतर पालकसभा आहे. तोवर ती वाचायला लागली तर उत्तम. नाहीतर आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एक वाचनवर्ग निघालाय, त्यात तिला घालायचं. शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत, आणि शनिवार-रविवारी दिवसभर. म्हणजे माझ्याकडची तिची दुपार गेली आणि तुमच्याकडचा शनिवार-रविवारही गेला. पुन्हा वाचा: तुमचाही.

म्हणून मी उपाय काढलाय. कवितेवरूनच तिला वाचायला शिकवायचं. मी स्वतः कविता रचून मोठ्या कागदावर तक्ता केलाय. सोबत गुंडाळी आहे. दुसरी प्रत माझ्या हॉलमध्ये लावली आहे.

चिमणी आली दारात
पाणी होतं ताटात
पंख झाडले काठावर
थेंब उडाले पाठीवर
शुभदा

शेवटचं कवितेतलं नाही, ती माझी सही आहे. पद्धत अशी: शब्दाखाली बोट ठेवायचं, शब्द म्हणायचा, बोट एक घर पुढे. फोनचा नंबर फिरवावा तसं. शनिवार-रविवारी तुम्ही हेच करून घ्या, जसंच्या तसं. स्वतःची भर नको.

आपली नम्र,
शुभदा

ता. क. पत्रं दप्तराच्या पुढच्या कप्प्यात, डब्याच्या मागे ठेवायची. उर्वीला वाचता येत नाही, तेव्हा पोस्टमन म्हणून तिच्याइतकं विश्वासू माणूस सापडणार नाही.


कोपर, डोंबिवली पश्चिम
रविवार, १४ सप्टेंबर

विहीणबाईंना मालनचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. अक्षर इतकं बारीक की आमचे हे औषधाची चिठ्ठी समजून मेडिकलमध्ये निघाले होते. पिशवी घेऊन जिन्यापर्यंत गेलेले, मी हाक मारून परत बोलावलं. मी आपली मोठं मोठं लिहिते. मला चष्मा लागत नाही आणि वाचणाऱ्यालाही लागू नये.

उकडीचे मोदक म्हणजे आजाऱ्याचं पथ्य, हे मीही मागे घेतलेलं नाही. फिट्टंफाट झाली. आता पोरीचं बोलू.

शनिवार-रविवार पोरगी नाही आली तर मी काय करू, हेच मला कळत नाही. शुक्रवारी रात्रीपासून मी तिच्यासाठी शेंगदाणे भाजायला बसते. सोमवारी घर असं गप्प होतं की फ्रिजचा आवाज ऐकू येतो. म्हणून तुम्ही सांगाल ते करीन. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही हं, पोरीसाठी.

कविता बरी आहे. दारात आणि ताटात हे यमक कान धरून आणल्यासारखं आहे, पण पोरीला चालतंय तर मला काय. तुम्ही चाल पाठवली नव्हती, ती मी लावली. आमच्या जुन्नरकडची आहे, माझी आई भावंडांना निजवताना म्हणायची. चालीत बसवायला जरा इकडचं तिकडं करावं लागलं, तेवढं चालतं. पोरगी काल दुपारी जी उभी राहिली ती रात्री जेवतानाही म्हणतच होती. आज तक्त्यावर बोट ठेवून म्हणाली. शेवटच्या शब्दापर्यंत बोट पोचलं. शेजारच्या ठमाबाईंनी टाळ्या वाजवल्या.

तुमचा उपाय लागू पडला म्हणायचा.

मालन


बाळकुम
शुक्रवार, १९ सप्टेंबर

सौ. मालनताई,

सोमवारी उर्वीने माझ्यासमोर बोट ठेवून आख्खा तक्ता वाचला. गुणगुणत होती, त्यामुळे मला शब्द नीट ऐकू आले नाहीत, पण बोट कुठे अडलं नाही. मला भरून आलं. तुमचे आभार मानायचे असं मी मनात ठरवलं होतं.

मंगळवारी सोसायटीत टँकर आला. त्यावर 'पाणी' असं ढळढळीत लिहिलेलं. मी म्हटलं, "उर्वी, काय लिहिलंय?" ती म्हणाली, "दारात." मला वाटलं, टँकर कुठे उभा आहे ते सांगतेय. मी पाठ थोपटली.

काल मात्र कहर झाला. शेजारच्या मृणाल माझ्याकडे साखर मागायला आल्या होत्या. म्हटलं, जरा नातीची हुशारी दाखवू. दारावरच्या पाटीवर माझं नाव आहे. मी त्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?" उर्वीने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "पाठीवर." मी म्हटलं, "नीट बघ." तिने नीट बघितलं आणि म्हणाली, "पाठीवरच आहे." मृणाल साखर न घेता घरी गेल्या. त्यांच्या दाराआडून हसण्याचा आवाज आला.

मालनताई, मी पोरीच्या सारखी पाठी लागते, असं तुम्ही साकेतपाशी बोलला होतात, ते माझ्या कानावर आलंय. मी गप्प बसले. पण म्हणून पोरीला माझ्या नावाच्या जागी 'पाठीवर' म्हणायला शिकवायचं? मी काय भूत आहे पाठीवर बसायला? मोदकाचा राग मोदकावर काढावा.

आभार मानायचे रद्द केले आहेत.

शुभदा


कोपर
रविवार, २१ सप्टेंबर

विहीणबाई,

देवाशपथ मी नाही शिकवलं! तुमचं पत्र वाचून मला हसून हसून उचकी लागली, ती पाणी प्यायल्यावरही थांबेना. ह्यांनी विचारलं काय झालं, तर मला 'पाठीवर' एवढंच सांगता आलं. ते बिचारे माझी पाठ चोळत बसले.

तुम्ही पोरीच्या पाठी लागता, हे मी म्हणाले होते. ते खरंच आहे, ते तुमच्या तोंडावर म्हणेन. पण पोरीच्या तोंडून म्हणवणारी बाई मी नव्हे.

आता माझंही ऐका. काल तिला घेऊन बाजारात गेले. साडीच्या दुकानाच्या काचेवर लिहिलेलं, 'नवीन पैठणी आली'. पोरीने शेवटच्या शब्दाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "बाई." आत बायकाच बायका होत्या, मला वाटलं बरोबर आहे. मग आज पेपरात कुठंतरी 'आली' होतं, तिथंही "बाई". मग मला शंका आली. मी पाटीवर खडूने 'पाणी' लिहिलं. "दारात." पुसून पुन्हा लिहिलं. "दारात गं आजी, किती वेळा?"

विहीणबाई, पोरगी चुकते, पण ठाम चुकते. ज्याला येत नाही तो दर वेळी नवीन चुकतो. ही रोज तेच चुकते. म्हणजे हिला हे कुणीतरी शिकवलंय. मी शिकवलं नाही. ठमाबाईंनी तर नक्कीच नाही. मग उरलं कोण, ते तुम्हीच बघा. तक्ता कुणाचा आहे?

मालन


बाळकुम
शुक्रवार, २६ सप्टेंबर

सौ. मालनताई,

फॉल्ट सापडला!

बुधवारी मी उर्वीला जवळ घेतलं आणि तिला गुणगुणू दिलं नाही, एकेक शब्द सुटा म्हणायला लावला. ऐका आता. बोट 'चिमणी'वर, तोंडात 'चिमणी'. ठीक. बोट 'आली'वर, तोंडात काय? 'बाई'! बोट 'दारात'वर, तोंडात 'आली'. बोट 'पाणी'वर, तोंडात 'दारात'. तुमच्या चालीत तुम्ही म्हणता, 'चिमणी बाई आली दारात'. माझ्या तक्त्यात बाई नाहीच. ती एक बाई मध्ये घुसली आणि मागची आख्खी लाइन एक घर सरकली. सगळे राँग नंबर! असं पोरगी शेवटपर्यंत गेली. 'पाठीवर' म्हणायची वेळ आली तेव्हा कवितेतला शब्दच उरला नव्हता. बोट जाऊन पडलं खालच्या सहीवर. ती सही माझी.

म्हणजे पोरगी वाचत होती हो. तिने प्रत्येक शब्दाचा चेहरा नीट लक्षात ठेवला होता. फक्त प्रत्येकाला शेजारच्याचं नाव दिलं होतं.

तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, हे आता मला मान्य आहे. पण मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, स्वतःची भर नको. आता उपाय सोपा आहे. ती जास्तीची बाई काढून टाका. पोरीला बाई म्हणू देऊ नका, आणि तुम्हीही म्हणू नका. मीही तिला इकडे लगेच टोकते आहे.

शुभदा


कोपर
रविवार, २८ सप्टेंबर

सौ. शुभदाताईंना नमस्कार.

काढली.

बाई काढली तर चाल लंगडते. पोरीने दोनदा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा तोंडात बाई आली, मी टोकलं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग काही म्हणेनाच. तक्त्याकडं पाठ करून बसली. शेंगदाणेही खाल्ले नाहीत.

तुम्ही बरोबरच असाल. तुमच्या कागदात बाई नव्हती, मी घातली. साकेत शनिवारी पोरीला सोडायला येतो तेव्हा गाडीसुद्धा बंद करत नाही. वर ये म्हटलं तर म्हणतो, पार्किंग नाही. जास्तीची बाई कोण ते मला कुणी सांगायला नको होतं.

तक्ता परत पाठवला आहे.

मालन


बाळकुम
शुक्रवार, ३ ऑक्टोबर

मालनताई,

पत्रात आपट्याचं पान ठेवलं आहे. काल दसरा होता. सोनं घ्या आणि रागावू नका. रागावलात तर रागवा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

तुमचं पत्र मी सोमवारी वाचलं आणि मला फार वाईट वाटलं. मी शब्दाबद्दल लिहिलं होतं, तुमच्याबद्दल नाही. पण लिहिताना तोल गेला हे खरं. आणि एक सांगू? क्षिप्रा-साकेतचं घर माझ्या समोरच्याच इमारतीत आहे म्हणून तुम्हाला वाटत असेल, की मी फार आतली. क्षिप्राचा रोज दुपारी फोन येतो. "उर्वी जेवली का? झोपली का? बाटली भरली का?" मग फोन बंद. मी जेवले का, हे विचारल्याचं मला आठवत नाही. दुपारी ती पोरगी शाळेतून येते आणि माझ्या सोफ्यावर दप्तर फेकते, तेवढ्याने माझा दिवस उजाडतो. तेव्हा जास्तीच्या बायांची मोजणी सुरू केलीत तर मलाही धरा.

या आठवड्यात पोरगी माझ्याकडेही गप्प होती. योगिनी बाईंनी कळवलं, की पूर्वी निदान म्हणायची, आता तेही नाही. क्षिप्रा त्या वाचनवर्गात जाऊन वेळ विचारून आली.

बुधवारी मी तक्त्यासमोर उभी राहिले. मनात तुमची चाल म्हणून बघितली. खरं सांगते, बाईशिवाय ती चिमणी दारात येतच नाही, कोरड्या पायाने उभी राहते. मग मी लाल कागदाचा तुकडा कापला, त्यावर 'बाई' लिहिलं आणि चिमणीच्या पुढे डकवला. जागा नव्हती, तिरका बसला. ओळ वाकडी झाली. होऊ दे.

उर्वी शाळेतून आली, दप्तर फेकलं आणि थबकली. "ही लाल कोण?"
मी म्हटलं, "तूच बघ. चिमणी..."
"बाई," ती म्हणाली. मग धावत येऊन तिने बोट ठेवलं आणि गाणं म्हणत सुटली. बोट एकदाही चुकलं नाही. 'पाठीवर' म्हणाली तेव्हा बोट 'पाठीवर'वर होतं. गाणं संपलं, आणि खाली एक शब्द उरला. तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग ही कोण?"
"ही मी," मी म्हटलं.

थोड्या वेळाने ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आजी, पाणी आणि पाठीवर दोघांनाही पा आहे. तुला माहीत होतं?" माझ्या हातातली पोळी करपली. करपू दिली.

तक्ता पुन्हा पाठवते आहे, लाल बाईसकट. आता तुम्ही भर घाला. जेवढी हवी तेवढी घाला. फक्त घातलीत की लिहून ठेवा.

तुमची,
शुभदा


कोपर
रविवार, ९ नोव्हेंबर

विहीणबाई,

दिवाळीची सुट्टी पोरीने इथंच काढली. रोज एक गाणं केलं. ठमाबाईंचं केलं. ह्यांच्या घोरण्याचं केलं. मी खडूने गॅलरीत लिहायचे. ती बोट ठेवायची. आता ती सगळं वाचते. बिस्किटाचा पुडा वाचते. लाइटचं बिल वाचते. काल ह्यांच्या बनियनचा गळा उलटा करून आतला छाप वाचला.

उद्या सकाळी पालकसभा आहे. हे पत्र तुम्हाला दुपारी मिळेल. तोवर निकाल लागलेला असेल. म्हणून आज मनातलं सगळं लिहिते.

योगिनी बाई चांगल्या आहेत. पण त्यांना घाई फार. आंबा काय दाबून पिकतो?

एक गुपित सांगते. क्षिप्राला सांगू नका. साकेत तिसरीपर्यंत वाचत नव्हता. ग ला म म्हणायचा. गाढव वाचायचा तर माढव म्हणायचा. त्याला कुठल्या वर्गात घातलं नाही. मी गाणी म्हणाले. तो शिकला. आता तोच पोरीला वर्गात घालतो. माढव कुठला!

क्षिप्रा गोड आहे. पण ती पोरीशी बोलते तेव्हा एक डोळा मोबाइलवर असतो. तुम्ही आई आहात. तुम्ही बोला. मी बोलले तर सासू होते.

साकेतला वाटतं आपण दोघी बोलत नाही. वाटू दे.

गणपतीत तुमच्याकडून आलेले उकडीचे मोदक मी सगळे एकटीने खाल्ले. ह्यांना एकही दिला नाही. ते छान होते. हे कुणाला सांगू नका.

मी शनिवार-रविवारची बाई. तुम्ही बाकीच्या वारांची बाई. आपल्यात जास्तीची कुणी नाही.

मालन


बाळकुम
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मालनताई,

बसून वाचा. शक्यतो भिंतीला टेकून बसा.

सोमवारी सभेला मीही गेले होते. मागच्या बाकावर पाण्याची बाटली धरून बसले. बाक पहिलीच्या मुलांचे, गुडघे हनुवटीला लागत होते. आमची पाळी आली. योगिनी बाईंनी पुस्तक उघडलं. साकेत म्हणाला, "पुस्तक नको बाई, ते तिला पाठ आहे." बाईंनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. साकेत म्हणाला, "तोही पाठ असेल. ही एकदा ऐकते की झालं." बाई म्हणाल्या, "मग तिने कधीच न ऐकलेलं काहीतरी हवं." क्षिप्राने पर्समध्ये शोधलं, काही मिळेना.

तेवढ्यात उर्वी म्हणाली, "माझ्याकडे आहे." तिने दप्तराचा पुढचा कप्पा उघडला, डबा बाजूला केला आणि कागद काढला.

मालनताई, तुमचं अक्षर मला मागच्या बाकावरूनही ओळखू आलं. बसच्या पाटीसारखं अक्षर तुमचं, ते पहिलीतल्या पोरीला वाचता येणार नाही तर कुणाला? मी उठायला गेले, पण गुडघे बाकात अडकले.

तिने टेबलावर कागद पसरला, बोट ठेवलं आणि वाचायला लागली. तुमचं एकेक छोटं वाक्य, एकेक शब्द. लाइटचं बिल झालं, बनियन झाला. मागच्या पालकांनी कान टवकारले. 'योगिनी बाई चांगल्या आहेत' इथे बाई खूश झाल्या. 'पण त्यांना घाई फार' इथे त्यांनी घड्याळात बघायला वर केलेला हात हळूच खाली घेतला. मग पत्रात साकेत आला. "ग ला म म्हणायचा." पोरगी थांबली, बापाकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, तू पण?" क्षिप्रा सावकाश नवऱ्याकडे वळली. साकेत म्हणाला, "बस झालं, उर्वी, वाचता येतंय तुला." तर बाई म्हणाल्या, "थांबा हो, मला घाई नाही."

मग क्षिप्राचा मोबाइल आला. तो तेव्हा तिच्या हातातच होता. तिने तो पर्समध्ये टाकला. मग मोदक. मग ती शेवटची ओळ. 'जास्तीची'पाशी पोरगी अडली. ज ला काना, अर्धा स, ती. तिने ओठ हलवत तीनदा जुळवलं. सगळा वर्ग वाट बघत होता. मग म्हणाली, "जास्तीची कुणी नाही." आणि कागदाची घडी घालून कप्प्यात ठेवली, कारण ते पत्र माझं आहे आणि मला दुपारी द्यायचं असतं.

मला रडू आवरेना. बाटली उघडून पाणी प्यायल्याचं नाटक केलं.

निकाल असा. योगिनी बाई म्हणाल्या, हे पाठ असणं शक्य नाही, अशी गोष्ट कोणी पाठ करायला देत नाही. वाचनवर्गाचं नाव पुन्हा निघालं नाही. गाडीत साकेत म्हणाला, "आई, तुम्ही दोघी फोनवरच बोला. त्यापेक्षा तेच बरं." आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, की शनिवारी कोपरला गाडी नीट लावून वर जाणार आहे. क्षिप्राने मला विचारलं, "आई, तू सकाळपासून काही खाल्लंस का?" मी नाही म्हटलं. खाल्लं होतं, पण म्हटलं.

एकच गोष्ट सांगायची राहिली. घरी आल्यावर उर्वीने दारावरच्या पाटीवर बोट ठेवलं आणि स्वच्छ वाचलं, "शुभदा." मृणाल समोरच उभ्या होत्या. मी पेढे वाटायला हवे होते. पण मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. आख्ख्या जगात मला पाठीवर म्हणणारं एकच माणूस होतं, आणि तेही आता शिकलं.

तुमची,
शुभदा


कोपर
रविवार, १६ नोव्हेंबर

विहीणबाई,

काल साकेत वर आला. गाडी बंद करून आला. दारातच म्हणाला, "काय गं आई, माढव?" मग जेवून गेला. जाताना तळणीचे मोदक मागून घेतले, ते डब्यात आहेत. एकटीने खा, मी कुणाला सांगणार नाही.

मला लाज वाटते म्हणून मी या वेळी जास्त लिहीत नाही. पोरीला म्हटलं, आता तूच लिही. तिने ह्यांना, मला आणि ठमाबाईंना खोलीबाहेर काढलं आणि दार लावून लिहिलं. मी वाचलेलं नाही. दुसऱ्याचं पत्र वाचू नये.

मालन

*

पाठीवर आजी

मला माहित आहे तुझं नाव शुभदा आहे. पन पाठीवर माझं आहे.

कोपर आजी म्हनते तू मोदक एकटीने खा. मला एक दे.

फोन करा पन पत्र पन लिहा. फोन मला वाचता येत नाही.

तू अक्षर मोठं काढ. मागच्या पत्रात मला फक्त माझं नाव आनि रडू एवढंच लागलं. का रडली?

तुझी
उर्वी बाई